वस्तादांनी स्टिअरिंग नेलं

एकदा एक फरशांचा व्यापारी मोटारींच्या शर्यतीच्या नादाला लागला. वय चाळिशीपुढे गेलेलं, पोट पट्ट्यापुढे. पण हौसेला मोल नाही. आठवडाभर गिऱ्हाइकांना ग्रॅनाइट दाखवायचं आणि सुट्टी आली की स्पोर्ट्स कार घेऊन ट्रॅकवर उतरायचं, हा त्याचा क्रम झाला. गुरूही त्याने नामी गाठला. तरुणपणी पुष्कळ शर्यती मारलेल्या त्या वृद्धाला सारा ट्रॅक वस्ताद म्हणे.

हौशी चालकांची मोठी शर्यत रविवारी दुपारी होती. शनिवारी प्रत्येकाची वेगवान फेरी मोजायची, आणि ज्याची फेरी सर्वांत वेगवान, त्याने रविवारी सर्वांच्या पुढे उभं राहायचं, असा नियम. आजवर शेवटच्या रांगेपुढे कधी न दिसलेला आपला व्यापारी चक्क पहिला आला! त्याच संध्याकाळी बायको, मेहुणा, दुकानातली माणसं, सगळ्यांना निघून यायचे निरोप गेले. वस्ताद मात्र कौतुकाचा एक शब्द बोलले नाहीत.

शर्यतीच्या गाडीचं स्टिअरिंग काढता-घालता येतं. रविवारी सकाळी शिष्य हेल्मेट पुसत असताना वस्तादांनी ते काढलं, काखेत मारलं आणि ट्रॅकच्या कडेकडेने चालू लागले.

"अहो वस्ताद! हे काय चालवलंय?"

"ये माझ्याबरोबर."

"दुपारी शर्यत आहे माझी! घरचे सगळे यायचेत. थट्टा करायची ही वेळ आहे का?"

वस्ताद थांबले नाहीत. शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर ज्यांचा शब्द खाली पडू दिला नाही, त्यांनीच ऐन वेळी पाय ओढावेत? म्हाताऱ्याला आपलं यश बघवत नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तणतणत तो मागोमाग निघाला.

दोघे एका अवघड वळणाशी पोचले. तिथे टायरांच्या भिंतीआड झेंडेवाले स्वयंसेवक उभे होते. पुढे अपघात झाला की हे पिवळा झेंडा हलवतात. तो दिसला की वेग कमी करायचा, हा शर्यतीतला पहिला धडा. त्यांच्यात बँकेतली नोकरी सांभाळून हौसेने येणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचं कोपर सोलवटलेलं होतं.

"बाई, काल काय झालं?" वस्तादांनी विचारलं.

"काय व्हायचंय! एक गाडी वाळूत रुतली, म्हणून त्या पोराला बाहेर काढायला मी धावले. इकडे झेंडा हलतोय, आणि एक निळी गाडी आली की हो सुसाट! या भिंतीवरून उडी टाकली म्हणून आज बोलतेय. नंबर बघायची शुद्ध कोणाला होती?"

शिष्याची गाडी निळी होती. त्याने मान वळवली.

तेवढ्यात दुसऱ्या गटाचा सराव सुरू झाला, आणि पाहता पाहता एक गाडी गिरकी घेऊन वाळूत शिरली. झेंडा हलू लागला. बाई पुन्हा धावल्या. त्या गाडीच्या दारापाशी वाकल्या असतानाच एक रुपेरी गाडी वेग तसूभरही कमी न करता त्यांच्या पाठीमागून सणाणत गेली. उडालेले खडे शिष्याच्या तोंडावर आले.

"अरे ए! डोळे फुटले का तुझे?" शिष्य बेंबीच्या देठापासून ओरडला. "माणूस दिसत नाही समोर? काढून घ्या रे याची गाडी! असल्यांना ट्रॅकवर सोडतंच कोण?"

बाई सुखरूप परत आल्या, तरी तो थांबेना. वस्तादांनी त्याला पोटभर ओरडू दिलं.

मग ते म्हणाले, "राग तुझा खरा आहे. अगदी न्यायाचा आहे. मी एवढंच विचारतो, काल हा राग कुठे होता? झेंडा तू पाहिलास. मी समोरच्या कठड्याशी उभा होतो, तुझी मान झेंड्याकडे वळताना पाहिली. तरी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाहीस, आणि त्याच फेरीने तुला पहिला केला. अरे, रस्ता ओलांडताना आपण गाडीवाल्यांना शिव्या घालतो आणि गाडीत बसलो की ओलांडणाऱ्यांना. बूड टेकायची जागा बदलली की ज्याचा न्याय बदलतो, त्याला मी गाडी काय, बैलगाडीसुद्धा देणार नाही. घे हे तुझं स्टिअरिंग. मी कुणाकडे तक्रार करणार नाही. ते तुझं तू बघ."

"घरचे सगळे यायला निघालेत हो, वस्ताद..." शिष्य पुटपुटला. वस्तादांनी स्टिअरिंग त्याच्या हातात ठेवलं.

त्याने ते काखेत मारलं. मग बाईंपाशी गेला. "बाई, कालची निळी गाडी माझी."

बाईंनी त्याला उभा-आडवा झापला. पोराबाळांची आई आहे मी, इथपासून तुमच्यासारख्यांना लाज कशी वाटत नाही, इथपर्यंत. त्याने खाली मान घालून एकूण एक शब्द ऐकून घेतला आणि तिथून तडक पंचांकडे गेला. पंचांनी त्याला शर्यतीतून बाद केलं.

दुपारी शर्यत सुरू झाली तेव्हा तो प्रेक्षकांत बसला होता. "दाजी, तुमची गाडी कुठाय? तुम्ही तर पहिले ना?" मेहुण्याने सगळ्यांदेखत विचारलं. इंजिन बिघडलं म्हणाला असता तर कोणालाच संशय आला नसता. पण व्यापाऱ्याने घडलं ते सगळं सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.