भिरभिरी आणि रापण

रापणीचा दोर जो ओढेल त्याला मासळीचा वाटा मिळतो, हे ठाऊक आहे का तुम्हाला? किनाऱ्यावर भाड्याच्या वॉटर स्कूटर नव्यानेच आल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

एका सकाळी गावाने समुद्रात रापण, म्हणजे लांबलचक जाळे, पसरले आणि सगळे मिळून काठावरून दोर ओढू लागले. जुन्या होडीने भिरभिरी नावाच्या स्कूटरला हाक मारली, "बाय, जरा पलीकडून जा. तुझ्या आवाजाने बांगडा पळेल. आज घराघरातली चूल त्याच्यावरच आहे."

"मावशी, समुद्र केवढा मोठा आहे! तुम्ही आपली वल्ही सांभाळा," म्हणत भिरभिरी थेट जाळ्यावरून गेली. बांगडा उधळला. दोर तिच्या पोटात ओढला गेला, इंजिन बंद पडले आणि लाटा तिला खडकाकडे ढकलू लागल्या.

होडीच तिला ओढून आणायला गेली.

"मावशी, रागावलात?"

"रागावलेय. म्हणून तुला खडकावर आपटू देऊ? दोर तर तूही ओढलास. आता तुझा वाटा बघ."

वाळूवर बायामाणसे रिकाम्या टोपल्या बाजूला ठेवून फाटके जाळे शिवत बसली होती. भिरभिरी दिवसभर ते बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण पुन्हा पडली, आणि जाळे काठाला लागेपर्यंत भिरभिरी वाळूवरच थांबली.