बाणी शेळीचा काळीजराव

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. माझी शाळा लहानपणीच सुटली, शब्दही साधेच आहेत.

अवयव आपसात बोलायचे, त्या काळी बाणी नावाच्या शेळीच्या डोक्यात मेंदूअण्णा राहत आणि छातीत काळीजराव. अण्णांना शिस्तीची फार हौस. एके दिवशी त्यांनी हुकूम सोडला, "काळीजराव, दर ठोक्याला एकाच मापाने रक्त ढकलायचं. उगाच जोर नको."

"बरं अण्णा."

दुपारी झुडपातून बिबट्या निघाला. बाणी उधळली. धावणारे पाय रक्त पिळून भराभर वर पाठवू लागले, पण काळीजराव मापानेच ढकलत होता. मागे रक्त तुंबलं आणि पाय ढिले पडले.

"अहो काळीजराव, झोपलात की काय?" पाय ओरडले. "बिबट्या शेपटीला आलाय!"

काळीजरावाने माप सोडलं. आलेलं सगळं रक्त आत घेतलं, तो गच्च भरून ताणला आणि जितका ताणला तितक्याच जोराने आकसला. पायांत बळ आलं. बाणी उडी मारून कड्यावर पोचली. बिबट्या खाली धापा टाकत बसला.

"मला विचारलं का नाहीस?" अण्णा रागावले.

"आत किती आलं ते मला भरतानाच कळतं, अण्णा. तुम्हाला विचारेपर्यंत आपण सगळे त्याच्या पोटात असतो."

अण्णांनी हुकूम मागे घेतला. बाणी निवांत रवंथ करू लागली, रक्त कमी येऊ लागलं, तसा काळीजरावही हलक्या हाताने ढकलू लागला.

ही गोष्ट लिहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमची टेकडी पळत चढलो. वर गेल्यावर छातीवर हात ठेवला. आत जोरात काम चाललं होतं. मी काही हुकूम दिला नाही.