एकाच हाताच्या गाठी

पूर्वी वेत्रनगरात अरुणसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या कुळात जन्मला. वेत्रनगरचे पुरुष परक्या राजाच्या सैन्यात चाकरीला होते. त्यांच्या वेतनाच्या थैल्या बोधिसत्त्वाचा तांडा घरोघर पोचवी.

नगरात सोने उदंड झाले होते, पण भरदुपारीही कुठे चाहूल नसे. शेतांत कुसळे माजली होती, तेलघाण्यांवर कोळ्यांनी जाळी विणली होती. धान्य परगावाहून येई आणि आलेले सोने त्याच वाटेने निघून जाई.

नंदिकेच्या घरी मात्र एक माग अजून चाले. तो तिच्या धाकट्या दिराचा, भद्रकाचा. आज तोही निघाला होता. सैन्यासाठी माणसे जमवणारा दलाल कालक ओसरीवर वाट पाहत बसला होता.

“वहिनी, माझ्या मागे हा माग चुलीत घाला,” भद्रक हसला.

“घालते हो! आणि भांडू कोणाशी, त्या राखेशी?”

इतक्यात बोधिसत्त्व तिच्या नवऱ्याची थैली घेऊन आला. नंदिकेने विळी ओढली. त्या नगरात प्रत्येक घराची गाठ वेगळी असे. दूरदेशी गेलेल्याने थैलीला तीच मारायची, म्हणजे खूण पटे. पण सोन्याच्या घाईत सगळ्याच जणी गाठ कापून टाकीत.

“ताई, कापू नका, सोडून बघा,” बोधिसत्त्व म्हणाला. थैल्या उतरवताना त्याच्या बोटांना काहीतरी खटकले होते.

नंदिकेची बोटे थबकली. “ही आमची गाठ नव्हे. आमचे हे तर डावखुरे.”

शेजारणी आपापल्या थैल्या घेऊन आल्या. एका म्हातारीच्या लेकाची गाठ तेवढी घरची निघाली. बाकी साऱ्या एकाच हाताने मारलेल्या. कोणी रडले नाही. रिकाम्या घरांतून वारा हाक मारल्यासारखा फिरत राहिला.

“अहो, छावणीतला कारकून मारतो गाठी!” कालक मोठ्याने म्हणाला. मग बोधिसत्त्वाच्या कानाशी लागला, “मेलेल्यांचे वेतन चालू ठेवले नाही, तर नवे कोण येईल? हो म्हणा. तुमचा वाटा दुप्पट.”

नंदिका बोधिसत्त्वाकडे पाहत होती. त्याने हो म्हणावे, असे तिलाही वाटले.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “कारकुनाची गोष्ट खोटी आहे. ज्यांनी या गाठी मारायच्या, ते आता नाहीत. हे सोने मी नकळत आणीत होतो. यापुढे आणणार नाही.”

भद्रकाने खांद्यावरचे गाठोडे खाली ठेवले.

बोधिसत्त्वाने बैलगाड्या विकल्या आणि त्या मोलाने म्हातारीच्या लेकासह जिवंत उरलेल्यांना चाकरीतून सोडवून आणले. नंदिका वेशीवर उभी होती. शेवटचा माणूस आत आला, तरी ती उभीच राहिली. मग घरी येऊन म्हणाली, “भद्रका, मलाही शिकव रे विणायला.”

ही पूर्वजन्मीची कथा भिक्षूंच्या सभेत सांगून भगवान शास्ते म्हणाले, “तेव्हाचा कालक म्हणजे आज पश्चात्तापाने शुद्ध झालेला भिक्षू वप्पक, भद्रक म्हणजे चीवरे शिवणारा भिक्षू सुतसोम, नंदिका म्हणजे सभेत मागे बसलेली उपासिका खेमवती, आणि तो सार्थवाह मीच होतो. हीच सत्यपारमी, सत्याची परिपूर्णता.”