म्हाळोजीचं प्यादं

घाटात अजून गाडीवाट नव्हती, मीठ बैलांच्या पाठीवरून वर चढायचं, त्या काळची ही गोष्ट. आंबेघळीच्या माथ्यावर म्हाळोजी नावाचा म्हातारा पाणपोई चालवायचा. बायको पटकीत गेलेली, मूलबाळ नाही. वाटसरू यायचे, ओंजळभर पाणी प्यायचे, "देव भलं करो" म्हणायचे आणि चालू लागायचे. दिवसाकाठी शंभर तोंडं बघायचा बिचारा, पण बोलायला एक नाही.

मग त्यानं काय करावं? कातळावर बुद्धिबळाचा पट कोरला, सागाचे मोहरे तासले आणि येईल त्याला म्हणू लागला, "बसा, एक डाव टाकू." बसतंय कोण! तेव्हा त्यानं युक्ती काढली. दुसऱ्या-तिसऱ्या खेळीलाच आपलं एक प्यादं तो फुकट समोरच्याच्या पुढ्यात ढकलायचा. वाटसरूला वाटायचं, म्हातारा अगदीच भोळा दिसतोय. प्यादं मारायचा आणि मांडी ठोकून बसायचा. अहो, त्या एका प्याद्याच्या बदल्यात म्हाळोजीचे घोडे न् उंट असे मोकळे सुटायचे की दुपारपर्यंत समोरचा घामाघूम! शेवटी प्याद्यानंच मात. बैलवाले चिडून उठायचे. घाटभर बोभाटा झाला, "त्याचं प्यादं घेऊ नका, घेतलंत की बुडालात." मग पुन्हा कुणी बसेना. जिंकून जिंकून माणूस एकटा पडला बघा.

एका श्रावणात चंद्राऊ नावाची कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन घाट चढून आली. धुक्यात वाट दिसेना, म्हणून टेकली. म्हाळोजीनं प्यादं पुढे केलं. तिनं ते घेतलं, हसली आणि आपलंही एक प्यादं सोडलं. "घ्या दादा, फिटंफाट." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. बायको गेल्यापासून त्याला कुणी काही दिलं नव्हतं.

तीन दिवस डाव चालला आणि तीन दिवस धुकं जागचं हललं नाही, असं म्हणतात. एक वाघ येऊन कातळाखाली डाव बघत बसला, असंही म्हणतात. खरं-खोटं तो वाघ जाणे.

तिसऱ्या दिवशी म्हाळोजीला दिसलं, की प्यादं एक घर सरकवलं की मात. पण मात झाली की ही उठणार! त्याचा हात पुढे जाईना. उगाच हत्ती इकडून तिकडे करत राहिला.

चंद्राऊला कळलं. "द्या की मात, दादा. मी थोडीच रुसणार आहे?"

"डाव संपला की तुम्ही जाल," म्हाळोजी म्हणाला.

तेवढ्यात धुकं उठलं, वाट दिसू लागली. पोटापाण्यासाठी हिंडणारी बाई ती, थांबणार किती? "मग असाच राहू द्या," ती म्हणाली. "परतताना संपवू."

ती गेली. म्हाळोजीनं पटाला कुणाला हात लावू दिला नाही. पुढे बैलवाल्यांनाच त्याची दया आली, "चला म्हातारबा, एक डाव टाकू" म्हणू लागले, तर हा म्हणायचा, "पट अडकलाय." अकरा वर्षं! एवढा घाटातला वारा, एवढा पाऊस, पण एक मोहरा हलला नाही, असं म्हणतात. चंद्राऊ काही आली नाही.

एका सकाळी तो पटापुढेच बसल्या जागी गेलेला सापडला. बोट प्याद्यावर होतं, पण प्यादं सरकवलेलं नव्हतं. लोकांनी मोहरे उचलायला बघितले, तर ते कातळात असे रुजलेले की बैल लावूनही निघेनात.

आजही आंबेघळीत डाव मांडला की पहिलं प्यादं म्हाळोजीच्या नावानं सोडतात. समोरच्यानं ते घ्यायचंच, आणि घेतलं की डाव संपेस्तोवर उठायचं नाही, मग घरून कुणी कितीही हाका मारोत. मात झाली तरी हरलेला लगेच उठत नाही. आधी म्हणतो, "दादा, अजून एक मांडा." हरल्यावर एवढंच कुणीतरी त्याला म्हणायला हवं होतं हो.