चुलीचा तिसरा दगड

दगडांना तोंड होतं, तेव्हाची ही गोष्ट. ठकूबाईच्या चुलीला तीन दगड होते. दोघे मुकाट तापायचे. तिसरा मात्र फार नाजूक, जणू राजवाड्यातून रुसून आलेला!

"राख टोचते. धूर माझ्याच तोंडावर येतो. भातही उतू जातो तो नेमका माझ्याच अंगावर!"

"अरे बाबा, ही चूल आहे, पालखी नव्हे," थोरला दगड म्हणाला.

"तुला काय कळणार? तुझी कातडीच जाड!"

एके दिवशी ठकूबाईच्या बाळंतीण लेकीसाठी चुलीवर पेज रटरटत होती. एवढीशी ठिणगी उडाली आणि आमचे नाजूकराव रागारागाने बोटभर सरकले. मडकं कलंडलं, सगळी पेज राखेत. लेक उपाशी राहिली.

विस्तव विझल्यावर ठकूबाईने त्याला उचललं आणि बांधावरचा दुसरा दगड चुलीला लावला.

"बघा, माझी कदर झाली!" तो जोडीदारांना म्हणाला. "आता मला देव्हाऱ्यात बसवणार!"

ठकूबाईने त्याला न्हाणीत टाकलं. आता घरातली अकरा माणसं रोज त्याच्यावर टाचा घासतात. तो ओरडतो, "अहो, पाणी फार गार आहे!"

पण टाचांना कुठे कान असतात?