तहानलेल्या विटा

शंभर वर्षांच्या त्या विटांच्या घराची ढासळलेली भिंत लिंबाजी मिस्त्रीने तीन महिने खपून पुन्हा उभी केली होती. वारसा समितीचे निमकरसाहेब तपासणीला आले ते नियमांचं पुस्तक उघडूनच.

"नियम पहिला. नवी वीट जुनीहून वेगळी दिसता कामा नये."

साहेबांनी भिंतीला नाक लावून दोन फेऱ्या मारल्या. एकही नवी वीट सापडेना, तेव्हा त्यांनी पान उलटलं.

"नियम दुसरा. नवी वीट चटकन ओळखू आली पाहिजे. नाहीतर भिंत पाडा."

लिंबाजीने बादली उचलून भिंतीवर पाणी मारलं. जुन्या विटांवरून ते ओघळून गेलं, नव्या तेवढ्या पिऊन काळपट झाल्या.

"जुन्यांचं पिऊन झालंय, साहेब. नव्यांची तहान बाकी आहे. भिंत कोरडी असली की तुमचा पहिला नियम, ओली झाली की दुसरा."

साहेब सहजी हटणारे नव्हते. "आणि पावसाळ्यात? चार महिने पहिला नियम मोडेल, त्याचं काय?"

"मोडेल खरा," बादली पालथी घालत लिंबाजी म्हणाला. "पण पावसाळ्यात तुम्ही तपासणीला येता कुठे?"