सकाळची मूठ

हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावून ठेवलं आहे. तालमीतलं तालमीत राहतं, हा आमच्या घरचा नियम. तरी लिहिते आहे. तालमीच्या बाहेरच्या पायरीवर ठेवलेले चहाचे पेले परत न्यायला मी आले होते आणि, आखाड्याच्या मातीत बायकांनी यायचं नाही म्हणून, तिथेच थांबले होते, तेव्हा जे ऐकलं आणि पाहिलं तेवढंच लिहिते.

“मग उद्या जाताना हाताला काय लावून जाऊ, वस्ताद?”

हा प्रश्न रंगराव पैलवानांचा. ज्यांना विचारला ते दस्तगीर वस्ताद, माझे आजोबा, घरात आमचे दादा. दुपार कलली होती, संध्याकाळची पोरं अजून यायची होती. वस्ताद आखाड्याच्या कडेला दगडी कट्ट्यावर बसले होते आणि रंगराव खाली, त्यांच्या पायाशी. रंगराव पन्नाशीला आलेले, शाळेत पोरांना कुस्ती शिकवणारे, गावात ज्यांना बघून लोक रस्ता देतात असे. पण या कट्ट्यावर ते कधी बसले नाहीत.

वस्तादांनी त्यांच्या बोटांकडे बघितलं.

“तुमच्या त्या जुन्या तेलानं बोटं मोकळी व्हत्यात. रात्री चोळतो. सकाळी गरम पाण्यात बुडवून ठेवतो. दुखायची गोळी एकाच्या जागी दोन घेतो. मिरजेला अकराचा नंबर हाय. तवर हात एकदम...”

त्यांनी पंजा हवेत उघडला. पुरता उघडला नाही.

“...एकदम तयार.”

“कशाला तयार?”

“डॉक्टरीणबाईला दाखवायला.”

“काय दाखवायला?”

“हात की, वस्ताद.”

“कुठला हात? तेलातला का सकाळचा?”

रंगरावांनी हवेतला पंजा खाली घेतला.

त्याचं असं झालं होतं. रंगरावांची बोटं बरेच दिवस सुजत होती. त्यांना वाटलं, जुना मार असेल. गेल्या आठवड्यात गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद वाचून सांगितलं, की हा मार नव्हे, संधिवात आहे. मिरजेच्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंना दाखवा. आत्ताच नेमकं औषध सुरू झालं तर हात वाचतील. अंगावर काढलंत तर बोटं वाकतील, आणि वाकलेली बोटं मग सरळ होत नाहीत.

रंगरावांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन तयारीला लागले. जत्रेच्या आदल्या दिवशी लागायचे तसेच. दाढी केली, नवी बंडी काढून ठेवली, दूध वाढवलं, आणि तेल मागायला वस्तादांकडे आले.

“गोळी किती सांगितलीया?” वस्तादांनी विचारलं.

“एक.”

“मग एकच घे. आणि तेल मिळायचं न्हाई.”

“का म्हणून?”

“उठ. सलामी दे.”

रंगराव उठले. कुस्तीच्या आधी दोन गडी हात मिळवतात, तसा त्यांनी हात पुढे केला. वस्तादांनी तो धरला. आणि दाबला.

वस्तादांचं वय झालं आहे, पण पंजा अजून पंजाच आहे. त्यांनी दाबला तो बोटांच्या मुळाशी, जिथे सूज होती तिथेच. हळूहळू, बैलाच्या मानेवर जू टेकावं तसा.

रंगराव समोर बघत उभे होते. ओठ हलला नाही. पापणी हलली नाही. फक्त कानामागून घामाची एक धार मानेवर उतरली.

वस्तादांनी हात सोडला.

“चेहऱ्यावर रेघ न्हाई,” ते म्हणाले.

“न्हाई,” रंगराव म्हणाले. त्यांना बरं वाटलं.

“कुणी शिकवलं रं हे?”

“आता कुणी म्हणजे... तुमीच की.”



रंगरावांना वाडीची जत्रा आठवली असणार; ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मिसरूड फुटायचं होतं तेव्हाची. हलगी कडकडत होती, मैदानाच्या कडेच्या बाभळींवर माणसं बसली होती, आणि पहिल्याच झटापटीत त्यांचा अंगठा निखळला होता. त्यांनी वस्तादांकडे बघितलं. वस्तादांनी लांबूनच तोंडावरून हात फिरवला, दार लावावं तसा. चेहरा बंद कर. रंगरावांनी केला. जोडीला, म्हणजे समोरच्या पैलवानाला, शेवटपर्यंत कळलं नाही की रंगरावांचा एक हात कामातून गेला आहे, आणि त्याच हाताला तो भीत राहिला. कुस्ती मारल्यावर वस्तादांनी त्यांना खांद्यावर घेतलं नाही. मागे नेऊन अंगठा बसवला, आणि मग स्वतःच्या हातानं जिलबी भरवली. पाक दोघांच्याही कोपरापर्यंत ओघळला होता.

तेव्हा तालमीत पहाटे कंदील लागायचा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून माती उकरली जायची, आणि तिचा वास अंगाला असा बसायचा की शाळेत बाकावर शेजारी बसलेली पोरं सरकून बसायची. खलात बदाम वाटायचा आवाज यायचा. विहिरीवर आंघोळीला रांग लागायची. आता पुढच्या खोलीत गादी अंथरली आहे, लोखंडी वजनं आली आहेत, पोरं कानात गाणी घालून जोर काढतात. मातीत उतरणारी थोडीच उरली आहेत. ती रंगराव आहेत म्हणून उतरतात.

“वस्ताद,” रंगराव म्हणाले, “तुमचं हे शिकवणं मी एकदा बी मोडलं न्हाई. घरात बी न्हाई.”

“ठाव हाय मला.”

“मग?”

वस्ताद कट्ट्यावरून उतरू लागले. त्यांनी एक पाय खाली टाकला, दुसरा टाकला, कट्ट्याला धरून मातीकडे वाकले, आणि त्यांच्या तोंडून मोठ्यानं आवाज आला...

“आई आई आई ग...”

रंगराव दचकले. त्यांनी दरवाजाकडे बघितलं, की दुसरं कुणी आलं आहे का. मग वस्तादांकडे बघितलं. इतक्या वर्षांत हा माणूस शिंकताना त्यांनी ऐकला होता, ओरडताना ऐकला होता, आजी गेली तेव्हा एकदा रडताना ऐकला होता. कण्हताना कधी नाही.

“काय झालं वस्ताद? धरू का?”

“काय न्हाई झालं. गुडघं हायत. रोजच दुखत्यात.” वस्ताद मातीत मांडी घालून बसले. मांडी नीट जमली नाही, एक पाय लांबच राहिला. “बस समोर. आता तू कण्ह.”

“आं?”

“कण्ह म्हणतोय. आई ग म्हण.”

रंगराव बसले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, छाती भरून घेतली आणि म्हणाले, “आई ग!”

आढ्यावरची कबुतरं उडाली.

“हे कण्हलास का शड्डू ठोकलास?”

“जमत न्हाई, वस्ताद.”

“परत.”

“आई ग.”

“हं. हसतोस कशापायी?”

“लाज वाटती. त्यात डॉक्टर बाईमाणूस हाय. तिच्याम्होरं पैलवान गड्यानं...”

“वाटू दे. पैल्यांदा लंगोट लावून आलास तवा बी वाटली हुती. आईच्या पदरात तोंड घालून त्या दाराला चिकटला हुतास. तिनं मागनं ढकलला म्हणून आत आलास.”

रंगराव पुन्हा हसले, पण या वेळी निराळं. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

“चल,” वस्ताद म्हणाले. “मी डॉक्टरीण. या पैलवान, बसा. काय व्हतंय?”

“तसं काय न्हाई, जरा बोटं...”

“चीत!” वस्तादांनी मातीवर थाप मारली. “पाठ टेकली तुझी. परत. काय व्हतंय?”

“हात दुखत्यात, पण चालतंय काम.”

“चीत. परत.”

“वस्ताद, तुमीच म्हणायचा, जोडीला कळू द्यायचं न्हाई.”

“जोडीला म्हणलो हुतो. ती बाई काय तुझी जोड हाय व्हय रं? शड्डू ठोकून येणार हाय तुझ्यावर?”

रंगरावांनी मान खाली घातली.

“सकाळी किती वेळ आखडत्यात बोटं?”

“असंच थोडा...”

वस्तादांनी थाप मारायला हात उचलला.

“...चहा गार हुतो,” रंगराव घाईनं म्हणाले. “बायको परत तापवून देती. तो बी गार हुतो. मग कुठं पेला धरवतो.”

वस्तादांचा हात तसाच वर राहिला. मग सावकाश खाली आला.

“शर्ट?”

“बटणं ती लावती. म्हणून सोडला शर्ट. पोरांना सांगितलंय, पैलवानाला बंडीच शोभती.”

“आणि?”

“आणि काय न्हाई.”

वस्ताद थांबले. आखाड्यात समोरचा गडी दमून श्वास घेईपर्यंत थांबावं, तसे.

“आणि...” रंगराव म्हणाले. त्यांनी शेजारची माती बोटांनी उकरली. “सकाळी आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतो न्हवं? तर ती... चिमूट धरत न्हाई, वस्ताद. बोटातनं गळती. एकदा गळली, दोनदा गळली. पोरं बघत हुती. मग मी मूठच मातीत टेकवली आणि पालथ्या मुठीनं कपाळ पुसलं. असं.”

त्यांनी करून दाखवलं.

“तर पोरांना वाटलं ही काय तरी जुनी रीत हाय. आता दोघं-तिघं तशीच लावत्यात.”

“तशीच?”

“व्हय. पालथ्या मुठीनं. लई भक्तीनं लावत्यात.”

वस्तादांना हसू आलं. ते हसू लागले आणि रंगरावही हसू लागले. दोघं मातीत बसून हसत होते, आणि हसता हसता रंगरावांचा आवाज मधेच फाटला. त्यांनी तोंड वळवलं. खांदे हलत राहिले. मग तोंडातून जे बाहेर आलं ते “आई ग”च होतं, पण अगदी बारीक, पदराआडून यावं तसं.

वस्तादांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते समोरच्या भिंतीवरच्या मारुतीकडे बघत बसले.

तिकडे बघतच म्हणाले, “हे सांग तिला.”

“मातीचं? तिला काय कळायचं त्यातलं?”

“माती न का कळंना. हात कळंल.”

“तेल न्हाई?”

“न्हाई. उठशील तसा जा. बायकोला संगं ने, तुला ठाव नसंल ते तिला ठाव असंल.”

रंगराव अजून उठले नाहीत. तोंडात अडलेली खरी गोष्ट त्यांनी आता काढली.

“वस्ताद, औषध लागू पडलं न्हाई तर? हात गेलाच तर? पोरं कुणाकडं बघून मातीत उतरतील? तुमी म्हणलाय, ही तालीम तुमच्या मागं मी बघायची. ज्याचा हातच धरत न्हाई असला वस्ताद कुणी ऐकलाय?”

 वस्तादांनी मातीतून चिमूट उचलली, रंगरावांच्या कपाळाला लावली, आणि उरलेली आपल्या लांब राहिलेल्या गुडघ्यावर झटकली.

बाहेर सायकली लावल्याचा आवाज आला. पोरं आली होती. रंगरावांनी बंडीनं तोंड पुसलं, वस्तादांच्या पायाला हात लावला आणि निघाले. पोरांनी वाट दिली. एकानं विचारलं, “पैलवान, उद्या सकाळी हाय न्हवं?” रंगराव क्षणभर घुटमळले. “न्हाई रं,” ते म्हणाले, “दवाखान्यात जायचंय. हात दुखत्यात माझं.” पोरं एकमेकांकडे बघत राहिली.

या दारातून मैदानाला निघालेल्या प्रत्येक गड्याला वस्ताद मागून एकच सांगत आले आहेत, की मारून ये.

रंगराव पायरीशी आले तेव्हा आतून हाक आली.

“रंगा...”

ते वळले.

“हरून ये.”

 रंगराव मान हलवून गल्लीतून निघून गेले. पोरं पुढच्या खोलीत शिरली. मी पेले हातात धरून पायरीवरच उभी होते, आणि दादा असं का म्हणाले त्याचा अर्थ लावत होते. मला वाटत होतं की मला तो थोडासा कळला आहे, म्हणजे बहुतेक त्यांना असं म्हणायचं असावं, की जो माणूस एकदा तरी...

“बिल्किस, आत ये ग पोरी. मातीत आलीस तरी चालंल. हात दे, मला उठता येईना.”